लांडग्यांची टोळी, बगळ्यांचा थवा आणि आमच्या टीसीवरचा व्होल्टेज

घटप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात एका शनिवारी गावी गेलो होतो. त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्री दहाची. आप्पा साडेनऊलाच बॅटरी घेऊन विहिरीवर. दहाला करंट आला, आप्पांनी हिरवं बटण दाबलं, मोटार नुसती घुमली. लाल दाबलं, परत हिरवं. परत घुमली. पेटीवरच्या व्होल्टमीटरचा काटा ३४०च्या आसपास थरथरत होता. आप्पा म्हणाले, "पयल्या दोन मिनिटांत उठली तर उठली, न्हाईतर बसा आता." आमच्या टीसीवरच्या निम्म्या मोटारींना ऑटो बसलेत. करंट आला की त्या सगळ्या एकदम उठतात आणि बटण दाबणारा माणूस मागं राहतो. साडेअकराला कुणाची तरी मोटार ट्रिप झाली, तेव्हा आमची चालू झाली.

(कोल्हापूरकरांसाठी: तुमची डीपी ती आमची टीसी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर.)

इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. ४१५च्या जागी ३४० म्हणजे व्होल्टेज १८ टक्केच कमी, पण जोर तिसऱ्या हिश्श्याने गेला. आप्पांना हे वर्गबिर्ग सांगत बसलो नाही.

व्होल्टेज का पडतो? लांब लाईन आणि बारीक तार आहेच. पण मोठा वाटा रिॲक्टिव्ह पॉवरचा. मोटारीला चुंबकत्व तयार करायला जी वीज लागते ती खर्च होत नाही. सेकंदाला शंभर वेळा आत जाते आणि तेवढीच परत येते. कारखान्याचा हंगाम डोळ्यापुढं आणा. भरलेल्या ट्रॉल्या जातात, रिकाम्या परत येतात. काट्यावर वजन फक्त भरलेल्यांचं होतं, पण रस्ता दोन्ही अडवतात. आपला मीटर म्हणजे तो काटा. तार म्हणजे रस्ता.

आमच्यासारखी ५ एचपीची मोटार धरा. आत जाणारी खरी पॉवर साधारण ४.६५ किलोवॉट, पॉवर फॅक्टर (खरी पॉवर भागिले एकूण बोजा) ०.७५, म्हणजे तारेवर आणि टीसीवर बोजा ६.२ केव्हीएचा. १०० केव्हीएच्या टीसीवर अशा सोळा मोटारी बसतात. प्रत्येक मोटारीला २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे रिॲक्टिव्ह पॉवरचं माप) कपॅसिटर लावला तर फॅक्टर ०.९१पर्यंत जातो आणि त्याच टीसीवर एकोणीस बसतात. कपॅसिटरकडून मोटारीला चुंबकत्वाची वीज जागच्या जागी मिळते, रिकाम्या ट्रॉल्या हमरस्त्यावर येतच नाहीत.

आता माझी अडचण. मी बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी करत एम.टेक. करतोय. विषय असा, की ११ केव्हीच्या फीडरवर (सबस्टेशनातून टीसींपर्यंत वीज आणणाऱ्या लाईनवर) कपॅसिटर कुठल्या खांबावर आणि केवढे बसवायचे हे निसर्गातून उचललेल्या अल्गोरिदमने शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ३२ जागा आणि प्रत्येक जागी पाच पर्याय धरले (काहीच नाही, किंवा चार मापांपैकी एक), तर एकूण शक्यता २३ वर २१ शून्यं एवढ्या होतात. एकेक तपासायला जन्म पुरणार नाही. आणि इथं उतार धरून खाली जाणारं कॅल्क्युलसही अडखळतं, कारण कपॅसिटर १५०, ३००, ६०० अशा ठोक मापांत येतात. ४१७ केव्हीएआरचा कुणी विकत नाही.

म्हणून हे प्राणी. जेम्स केनेडी (मानसशास्त्रज्ञ) आणि रसेल एबरहार्ट (इलेक्ट्रिकल इंजिनिअर) यांनी १९९५ साली पार्टिकल स्वार्म नावाचा अल्गोरिदम काढला. नांगरटीच्या मागं बगळे उतरतात ते आठवा. प्रत्येक बगळा आपल्याला किडे कुठं जास्त मिळाले ते लक्षात ठेवतो, आणि थव्यात सगळ्यात जास्त कुणाला मिळतायत तिकडंही एक डोळा ठेवतो. दोन्हींच्या मधे कुठंतरी सरकतो. अल्गोरिदममधला प्रत्येक बगळा म्हणजे कपॅसिटरची एक अख्खी मांडणी, आणि किडे म्हणजे वाचलेला लाईन लॉस (तारेत वाया जाणारी वीज). मार्को दोरिगो यांच्या मुंग्या १९९२च्या, काराबोगा यांच्या मधमाश्या २००५च्या, आणि मी धरलाय तो मीरजलीली आणि सहकाऱ्यांचा ग्रे वुल्फ २०१४चा. त्यात टोळीतले पहिले तीन लांडगे, अल्फा, बीटा, डेल्टा, सावजाची जागा ठरवतात आणि बाकीचे त्यांच्या अंदाजाने घेरा आवळतात.

गाईड म्हणतात लांडगा आता जुना झाला, नवीन काहीतरी घे. म्हणून विचारतोय. प्राणी बदलल्याने खरंच काही फरक पडतो का? आणि त्याहून महत्त्वाचं, यातलं काही आप्पांच्या पेटीपर्यंत पोचतं का?

रिवाइंड_निपाणी:

भावा तू ३४० म्हणतोस, माझ्या दुकानात ३००वर ओढलेल्या मोटारी येतात. उघडली की वाइंडिंगचा कोळसा, वास आठ दिवस जात न्हाई.

आता तुझ्या कंडेन्सरचं, म्हंजे कपॅसिटरचं, सांगतो. शेतकरी कंडेन्सर घेतो की, न्हाई असं न्हाई. पण कशाला? सिंगल फेज असताना थ्री फेज मोटार ओढायला. दोन फेजमधी डब्बं घालायचं, तिसरी फेज तयार करायची आणि रात्रभर पाणी पाजायचं. त्यो डब्बा लोक पैसं देऊन नेतात. आणि तू म्हणतोस त्यो पॉवर फॅक्टरचा डब्बा फुकट दिला तरी कोपऱ्यात पडतो. एकतर कुणीतरी फुगून फुटल्याला बघितल्याला असतो. दुसरं, मोटार बंद करून वायरीला हात लावला आणि झटका बसला, की गावभर बोभाटा, डब्यात करंट ऱ्हातोय म्हणून. ते खरंच हाय, डिस्चार्जचा रेझिस्टर उडला की ऱ्हातोय. तिसरं, दहा एचपीपातूर पंपाला वीज फुकट. बिलच न्हाई तर फॅक्टर सुधारून कुणाला दाखवायचा?

मेकॅनिकचीबी चूक हाय. मोटार भरून परत जोडताना डब्बा बाजूला काढून ठेवतात आन परत जोडत न्हाईत. मीबी ठेवलेत, खोटं कशाला बोलू.

एबी_स्विच:

घटप्रभाकाठ, लिहिलंय चांगलं. पण ट्रॉलीच्या उपमेत एक खोट आहे ती आधी काढतो. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉल्यांची बेरीज सरळ होत नाही. ४ किलोवॉट आणि ३ केव्हीएआर मिळून ७ नाही, ५ केव्हीए होतात. काटकोनाची बेरीज आहे ती. त्यामुळं पहिले काही केव्हीएआर काढले की मोठा फायदा, शेवटचे काढायला गेलं की हातात काही लागत नाही. म्हणून पॉवर फॅक्टरच्या मागं ०.९५च्या पुढं धावू नये.

मी ३३/११ केव्हीच्या सबस्टेशनवर बरीच वर्षं काढली. कुठल्या ते विचारू नका. आमच्याकडं बसवर (सगळे फीडर जिथं जोडतात त्या पट्टीवर) कपॅसिटर बँक होती. आल्या साहेबाला आम्ही ती दाखवायचो, "बँक आहे" म्हणून. तीन फेजपैकी एका फेजच्या दोन युनिटांचे फ्यूज उडालेले. ते मागवायचा कागद किती दिवस फिरला ते सांगत नाही. कागदोपत्री बँक पूर्ण क्षमतेने चालू होती. उद्या तुझ्यासारखा पोरगा येऊन आमच्या स्टेशनचा डेटा मागता, तर आम्ही तोच कागद दिला असता, आणि तुझ्या लांडग्यांनी नसलेल्या केव्हीएआरवर अख्खी शिकार मांडली असती.

दुसरं. कपॅसिटरही व्होल्टेजच्या वर्गानेच देतो. ३४०वर तुझा २चा डब्बा १.३ एवढंच देणार. ज्या घटकेला गरज जास्त त्याच घटकेला हात आखडता. तू लोड फ्लोमधे (फीडरवर कुठं किती व्होल्टेज आणि लॉस ते काढायच्या हिशोबात) तो ठाम आकडा म्हणून घातलायस की व्होल्टेजप्रमाणे बदलणारा?

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझा लांडगा कितीच्या सुमाराचा फीडर बघतो? दहा ते पाचचा, सगळे पंप चालू असतानाचा, असं वाटतंय. थ्री फेज मिळतं सात तास. उरलेले सतरा तास काय? जिथं गावठाणाचा फीडर वेगळा झालेला नाही तिथं पंप बंद पडले की लाईनवर फक्त दिवे आणि टीव्ही. खांबावरचा फिक्स कपॅसिटर मात्र ढकलतच राहतो. व्होल्टेज वर जातो. त्यातून लाईनमनने आधीच शेतकऱ्यांच्या बोंबेने टीसीचा टॅप (व्होल्टेज कमीजास्त करायची कळ) वरच्या पट्टीवर ठेवलेला असतो. पहाटे घराघरांत बल्ब उडतात आणि लोक आम्हाला शिव्या देतात.

जेकोबियन:

विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळं थोडं सविस्तर.

कपॅसिटर कुठं बसवायचा या प्रश्नाला लांडग्यांच्या फार आधीचं एक उत्तर आहे, १९५६चं, नीगल आणि सॅमसन यांचं. फीडरवर रिॲक्टिव्ह लोड सगळीकडं सारखा पसरलेला असेल, तर एकूण रिॲक्टिव्ह लोडच्या दोन तृतीयांश मापाचा एकच कपॅसिटर स्टेशनपासून दोन तृतीयांश अंतरावर बसवा. रिॲक्टिव्ह करंटमुळे होणाऱ्या लॉसपैकी ८९ टक्के गेला. नऊपैकी आठ भाग. कागद-पेन्सिलीने, पाच मिनिटांत. आता उरलेल्या एका भागासाठी किती प्राणी पाळायचे ते ठरवा.

अर्थात खरा फीडर सारखा पसरलेला नसतो. फाटे फुटलेले असतात, अर्ध्या वाटेवर तार बारीक होते, एका टोकाला बर्फाचा कारखाना असतो. तिथं शोधाची गरज पडते, हे मान्य. ट्रान्समिशनच्या (उच्च दाबाच्या मोठ्या लाईनींच्या) पातळीवर तर जास्तच, कारण तिथं जनरेटरचे व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरचे टॅप आणि कपॅसिटरच्या पायऱ्या, सगळं एकदम जुळवायचं असतं. काही चल सलग, काही तुटक. २००० साली जपानच्या योशिदा, फुकुयामा आणि सहकाऱ्यांनी पार्टिकल स्वार्म नेमका याच मिश्र प्रकारच्या कोड्याला लावला, तोही व्होल्टेज कोसळण्याच्या धोक्याचा विचार धरून. ते काम मला आजही आवडतं. आणि हा धोका पुस्तकी नाही. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात जवळपास पाच कोटी लोकांची वीज गेली, त्याच्या कारणांत ओहायोकडच्या भागात रिॲक्टिव्ह पॉवर अपुरी पडणं हेही एक होतं.

प्राणी बदलण्याबद्दल. वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ साली सिद्ध केलं, की सगळ्या शक्य कोड्यांची सरासरी काढली तर कुठलीच शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही. म्हणजे "माझा प्राणी सगळ्यात भारी" हे वाक्य लिहायचीच सोय नाही, "माझ्या या कोड्यावर भारी" एवढंच. २०१५ साली केनेथ सोरेन्सेन यांनी तर या प्राणिसंग्रहालयाचे वाभाडेच काढले. नवीन जनावर, जुनंच सूत्र, असं त्यांचं म्हणणं. ग्रे वुल्फबद्दल अजून एक गोष्ट लोकांनी दाखवलीय. त्याच्या सूत्राचा कल मुळातच शून्याकडे आहे. ज्या परीक्षा-कोड्यांचं उत्तर शून्यावर असतं, तिथं तो पहिला नंबर काढतो. फीडरचं उत्तर शून्यावर नसतं.

तुला करायचंच असेल तर असं कर. बारान आणि वू यांचा १९८९चा ३३ बसचा (इथं बस म्हणजे फीडरवरचा जोडबिंदू) फीडर घे. १२.६६ केव्ही, लोड ३७१५ किलोवॉट आणि २३०० केव्हीएआर, लॉस साधारण २०३ किलोवॉट, सगळ्यात खचलेली बस १८ नंबरची, मूळ व्होल्टेजच्या ०.९१३वर. सगळं जग त्यावरच तपासतं, त्यामुळं तुझा प्रोग्रॅम बरोबर चालतोय का ते कळेल. मग लांडगा, बगळा आणि डोळे झाकून मारलेले खडे, तिघांना लोड फ्लोचे सारखेच फेरे दे. प्रत्येकाला तीस वेळा चालव. सगळ्यात चांगलं उत्तर एकट्याने मिरवू नकोस, सरासरी आणि पसारा दोन्ही लिही. डोळे झाकून मारलेले खडे जर लांडग्याच्या जवळपास पोचले, तर लांडग्याचं कर्तृत्व काय ते समजलं.

धनगरवाडा_अथणी:

वर सगळं वाचलं, डोक्यावरून गेलं, पण लांडग्याचं कळलं म्हणून लिहितो. आमच्यात आजा-पणजापासून मेंढरं. लांडगा असा तीन पुढाऱ्यांच्या अंदाजाने रिंगण करत येत नाही. एक समोर दिसेल असा उभा राहतो. कुत्री त्याच्या मागं धावतात. दुसरा ओढ्यातनं येऊन कोकरू उचलतो. तुमच्या गणितात फसवणारा लांडगा हाय का?

जेकोबियन:

अण्णा, तुम्ही आत्ता एक नवीन अल्गोरिदम काढलात. कुणीतरी यावर पेपर लिहायच्या आत तुम्हीच लिहा.

मागवाला_खासबाग:

शेतकऱ्यांना मीटर नाही म्हणून फॅक्टर नाही, आम्हाला मीटर आहे म्हणून डोक्याला ताप. माझे आठ पॉवरलूम. प्रत्येकाला छोटी मोटार, अर्धा वेळ निम्म्या लोडवर, फॅक्टर कायम खाली. बिलात दंडाची ओळ यायची. इलेक्ट्रिशियनने एक मोठा कपॅसिटर मेनलाच ठोकला. दंड गेला. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग बंद झाले, की तो तसाच चालू. मग ट्यूबलाईटचे चोक जळायला लागले. शेवटी प्रत्येक मोटारीला तिच्याच स्विचमागं छोटा डब्बा लावला. माग बंद, डब्बा बंद. वर एबी_स्विच साहेब सतरा तासांचं म्हणतात ते मी खासबागेत एका खोलीत भोगलंय. मला ना मुंगी लागली ना मधमाशी.

घटप्रभाकाठ:

एबी_स्विच काका, काटकोनाची बेरीज मान्य, उपमा दुरुस्त. आणि हो, पकडलंत. मी फक्त पीकचाच, म्हणजे सगळे पंप चालू असतानाचाच, फीडर घातला होता आणि कपॅसिटर ठाम आकडा म्हणून. दोन्ही बदलतो.

मागवाला दादांनी जे केलं त्याला पुस्तकात मोठं नाव आहे, पण तत्त्व तेवढंच. रिॲक्टिव्ह पॉवर लांबून आणायचा माल नाही, जिथं लागते तिथंच तयार व्हावी. मग खांबावरच्या मोठ्या कपॅसिटरचा प्रश्नच अर्धा उरतो. माझा प्रबंधही अर्धा उरतो, ही वेगळी रड.

जेकोबियन सर, १९५६चा नियम मला कुणी शिकवलाच नव्हता. त्यालाही शर्यतीत उतरवतो.

कोजन_शिफ्ट:

एक मुद्दा राहिलाय. मी साखर कारखान्याच्या कोजनवर (कारखान्याच्याच वीज प्रकल्पावर) शिफ्टला असतो (कारखाना कुठला ते सोडा, चिकोडी-रायबाग-अथणीकडं वळलात की धुराडं दिसतंच). आमचा जनरेटर सिंक्रोनस. फील्डचा करंट वाढवला की तो ग्रिडला हवे तितके केव्हीएआर देऊ शकतो, मर्यादेत. हंगामात, नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे उसाला पाणी लागतं त्या दिवसांतही, आम्ही शेजारीच उभे असतो. तरी आमचा ऑटोमॅटिक रेग्युलेटर पॉवर फॅक्टर एकच्या आसपास धरून बसवलेला. का? पैसे युनिटचे मिळतात. केव्हीएआर दिले तर फील्ड वाइंडिंग तापणार आमचं, मिळणार काही नाही.

तुमच्या सगळ्या प्रबंधांत जनरेटरचा व्होल्टेज हा हवा तसा फिरवायचा खुंटा असतो, मूळ व्होल्टेजच्या ०.९५ ते १.१ पट. प्रत्यक्षात त्या खुंट्याला कराराचं कुलूप आहे. हे बंधन लांडग्याला सांगा, मग बघा तो काय शिकार करतो.

हुक्केरी_नाका:

हुक्केरीत तर वितरणच सहकारी आहे, १९६९पासूनची ग्रामीण वीज सोसायटी. घटप्रभाकाठ, तुझ्या फीडरचा कंडक्टर (तार), खांब, टीसी यांचा नकाशा मिळाला का तुला? त्याशिवाय हे सगळं हवेत.

रिवाइंड_निपाणी:

नकाशा कशाला, लाईनमनला चा पाज. सगळा फीडर त्याच्या डोक्यात असतोय.

एबी_स्विच:

रिवाइंड, शंभर टक्के. फक्त दोन लाईनमनला वेगवेगळा पाज, आणि मग दोघांचं जुळतं का बघ.

घटप्रभाकाठ:

महिनाभराने येतोय, माफी असावी. चार रविवार फीडरखाली चालण्यात गेले.

आधी ३३ बसवर तपासलं, आकडे जुळले, प्रोग्रॅम बरोबर. मग आमचा फीडर. लाईनमन मामांबरोबर (दोघांना चहा पाजला, काका, आणि तीन टीसींवर जुळलं नाही, तिथं स्वतः जाऊन पाटी वाचली) प्रत्येक टीसीचं माप, तारेची जात आणि खांबांची संख्या वहीत घेतली. अंतर खांब मोजून. एका ठिकाणी कागदावर ६३ केव्हीएची टीसी आहे, प्रत्यक्षात १००ची. एका ओढ्यापलीकडं तार मधेच बदललीय, चार खांब जाड, पुढं परत बारीक. मामा म्हणाले, वादळात पडली होती, हातात होती ती ओढली. ही चार खांबांची गोष्ट कुठल्याच फाईलमधे नाही. वहीत घेतली.

शर्यत. फक्त पीकच्या वेळचा फीडर घेतला, तर लांडगा आणि बगळा दोघांनी बहुतेक वेळा तेच तीन खांब निवडले, फार तर एखादा खांब इकडंतिकडं. पसारा लांडग्याचा थोडा जास्त. डोळे झाकून मारलेले खडे जरा मागं, पण लाज वाटावी इतके मागं नाहीत. १९५६चा नियम एका खांबात जे देतो ते बघून मी अर्धा तास नुसता बसून राहिलो. लांडगा त्याच्या पुढं गेला, पण त्या ओढ्याच्या पलीकडच्या बारीक तारेमुळं. तिथं नियमाला वळण दिसत नाही, लांडग्याला दिसतं. म्हणजे लांडग्याची जी काही कमाई आहे ती मामांनी सांगितलेल्या चार खांबांवर उभी आहे.

मग सात तास आणि सतरा तास अशी दोन्ही चित्रं एकदम घातली, व्होल्टेज सहा टक्क्यांच्या वर गेला तर दंड लावला. इथं मात्र खेळच बदलला. तीन खांबांवरचे फिक्स कपॅसिटर निम्म्यावर आले. जो खांब पीकमधे सगळ्यांचा लाडका होता, तो बाद. आणि पंपाजवळचे डब्बे हाही एक पर्याय म्हणून दिला तेव्हा दोन्ही प्राणी तिकडंच धावले, कारण पंप बंद तर डब्बा बंद. खासबागच्या दादांचं उत्तर. हे सगळं गाईडना दाखवलं. ते बराच वेळ आलेख बघत राहिले, मग म्हणाले, "प्राणी राहू दे हाच, दोन चित्रांवर एक प्रकरण वाढव."

कोजनचा मुद्दा पुढच्या प्रकरणात घेतलाय. खुंट्याला कुलूप लावून आणि कुलूप काढून, दोन्ही चालवतोय.

आणि हे खरं सांगायचं होतं. परवा रात्री आमच्या मोटारीला २ केव्हीएआरचा डब्बा बसवला. तीच दहाची पाळी. व्होल्टमीटर बघितला तर काटा हलल्यासारखा वाटला, पण तो नेहमीच थरथरतो. हिशोबाने एका डब्ब्याने व्होल्ट-दीड व्होल्टच वाढणार होता. अँपिअरमीटर मात्र साडेदहावरून नऊच्या जरा वर आला. आप्पांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "करंट कमी खातीया म्हंजे जोर कमी झाला की." उठून पाटावर गेले, पाइपच्या तोंडाखाली हात धरून आले. पाणी तेवढंच. तरी दोनदा जाऊन आले.

सकाळी शेजारचे दोघं बघून गेले. एकजण म्हणाला मलाबी आण. दुसरा म्हणाला, "तुझं कमी झालं तर माझ्या मोटारीला जास्त मिळतंय काय?" मी म्हटलं, थोडं मिळतंय. तो म्हणाला, "मग मी कशाला बसवू?"

टीसीवर सोळा मोटारी. सध्या दोन डब्बे.

जेकोबियन:

त्या दुसऱ्या शेजाऱ्याला तुझ्या प्रबंधात घे. लांडग्यांपेक्षा त्याचं मॉडेल अवघड आहे.

रिवाइंड_निपाणी:

डब्बा स्टार्टरच्या मागं जोडलास का पुढं? लाईनच्या बाजूला जोडला असशील तर मोटार बंद असली तरी चालूच ऱ्हाणार, मग सगळी मेहनत पाण्यात. फोटो टाक.

घटप्रभाकाठ:

मोटारीच्या बाजूलाच, कॉन्टॅक्टरनंतर. माप मोटारीच्या नो-लोड करंटच्या आत ठेवलंय, नाहीतर बंद करताना ती स्वतःच जनरेटर बनून व्होल्टेज चढवते. फोटो उद्या, आत्ता अंधार आहे आणि आप्पा परत पाइपकडं गेलेत.